विंडोज १० चा आधार संपला, मग दुकानातले तिन्ही कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचे का?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तीन डेस्कटॉप, तिन्ही सहाव्या पिढीच्या आय-३ चे, ४ जीबी रॅम, सगळ्यांवर विंडोज १०. विंडोज ११ बसणार नाही असं मशीनच सांगतंय. नवे तीन घेण्याची ऐपत सध्या नाही. तेव्हा विंडोजच्या जागी फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकायची तर तिच्या प्रकारांपैकी उबुंटू टाकू की मिंट, आणि तिन्हीवर एकदमच टाकून मोकळा होऊ का?

उत्तर आधी देऊन टाकतो: मिंट टाका, पण तिन्हीवर एकदम अजिबात नको. दोन मशीन लिनक्सवर न्या, एक विंडोजवरच ठेवा. आणि ‘उबुंटू की मिंट’ हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. तुमच्या दुकानातलं कोणतं काम खरोखर विंडोजला बांधलेलं आहे आणि कोणतं नुसत्या सवयीनं विंडोजवर होतंय, हे आधी पाहायला हवं. मी बरीच वर्षं छोटी दुकानं, पतसंस्था, वकिलांची ऑफिसं यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. जे लिनक्सवर गेले आणि टिकले त्यांनी हे आधी तपासलं होतं. ज्यांनी तपासलं नाही ते आठवड्याभरात ‘ते जुनंच परत टाकून द्या’ म्हणत आले.

घाई किती आहे? विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीन बंद पडत नाही, फक्त नव्यानं सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळतात, संस्थांसाठी पैसे भरून घ्यायची वेगळी योजना आहे. घरी एकटा माणूस पत्ते खेळत बसला असता तर मी म्हटलं असतं, निवांत घ्या. पण तुमच्या मशीनमध्ये अख्ख्या तालुक्याचे आधार, पॅन आणि पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात. शिवाय दिवसभर येईल त्याचा पेनड्राइव्ह आत जातो. अशा ठिकाणी अपडेट नसलेलं मशीन ठेवणं मला पटत नाही. त्यातून विंडोजची कॉपी विकत न घेता कोणीतरी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवून दिलेली असेल तर त्या मशीनवर आणखी काय काय बसलंय ते देवालाच ठाऊक.

पेनड्राइव्हचं निघालंच आहे तर सांगतो, कारण दुकानदाराला लिनक्सचा पहिला फायदा इथेच दिसतो. शॉर्टकट व्हायरस तुम्ही रोज बघत असाल: गिऱ्हाईक म्हणतं फोल्डर गेले, आत नुसते बाणवाले आयकॉन. तो व्हायरस मूळ फोल्डर हिडन करतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. त्यावर डबल क्लिक झालं की तो तुमच्या मशीनमध्ये शिरतो आणि पुढच्या पेनड्राइव्हवर जातो. पेनड्राइव्हवरच्या विंडोजच्या त्या हिडन खुणेला लिनक्स जुमानत नाही, त्यामुळे मूळ फोल्डर समोरच दिसतात. कधी सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरात कोंबलेला असतो, तोही दिसतो. शेजारी शॉर्टकटची मेलेली फाइल पडलेली असते, ती पुसून टाकायची. विंडोजसाठी लिहिलेला तो प्रोग्राम लिनक्सवर आपोआप चालत नाही. लिनक्सला व्हायरस होतच नाही असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. ब्राउझरमधून फसवून पासवर्ड काढून घेणारी वेबसाइट दोन्हीकडे सारखीच फसवते.

आता कामाची यादी. प्रत्येक मॉनिटरशेजारी एक कागद चिकटवा आणि आठवडाभर त्या मशीनवर कोणता प्रोग्राम उघडला ते लिहीत जा. डोक्यातून यादी केली तर महिन्यातून एकदाच लागणारं, पण अडलं तर गिऱ्हाईक गमावणारं काम हमखास विसरतं. यादी झाली की बहुधा असं दिसेल की निम्म्याहून जास्त काम ब्राउझरमध्येच होतंय: सातबारा, शिष्यवृत्तीचे आणि भरतीचे फॉर्म, वीजबिल, रेल्वेचं तिकीट. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत, त्या कामात ऑपरेटरला फरकसुद्धा जाणवत नाही. फॉर्मसाठी फोटो आणि सही ५० केबीच्या आत बसवण्याचं कामही अडत नाही. लिनक्सवरच्या गिम्प या फोटोच्या प्रोग्राममध्ये जेपीईजी म्हणून काढताना प्रीव्ह्यू चालू ठेवला की दर्जाचा दांडा सरकवताना फाइल किती केबीची होतेय ते तिथेच दिसतं.

खरी गाठ मराठी टायपिंगमध्ये आहे. तुम्ही प्रश्नात ‘मराठी टायपिंग तर होईलच ना’ असं एका ओळीत उरकलंय, पण महाराष्ट्रातल्या टायपिंगच्या दुकानांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. टायपिंग होईलच. पण तुमच्याकडे श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामांत, त्यांच्या सुरेखसारख्या फॉन्टांत केलेल्या जुन्या फायली असणार, आणि त्या खऱ्या अर्थानं मराठी नाहीत. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की स्क्रीनवर कचरा दिसतो तो त्यामुळे.

अशा फायली नुसत्या उघडून छापायच्या असतील तर सोपं आहे. तुमच्या परवान्यातल्या फॉन्टच्या टीटीएफ फायली लिनक्सवर बसवल्या की लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचा फुकट संच) जुनं पत्र बहुतेक वेळा दिसतं तसं दिसतं. अडचण त्यात दुरुस्ती करताना येते, कारण कीबोर्ड चालवणारा श्रीलिपीचा प्रोग्राम विंडोजचा आहे, आणि ज्यांच्याकडे डोंगलवाली (परवान्याची किल्ली कॉम्प्युटरला लावायची) आवृत्ती आहे त्यांचा तर डोंगलही विंडोजलाच ओळखतो. म्हणून जुन्या फायलींत ज्यांना पुन्हा हात लावावा लागतो त्या युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणायलाच हव्यात. हे काम लिनक्सवर गेला नाहीत तरी करा, कारण सरकारी पोर्टलच्या रकान्यात युनिकोडशिवाय काही चालत नाही.

रूपांतर करून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. ‘निर्णय’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात तो दिसतो त्या क्रमानं साठतो: आधी वेलांटी, मग न, मग ण, त्यावर रफार, मग य. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमानं साठतो: न, वेलांटी, अर्धा र, ण, य. म्हणजे कन्व्हर्टरला वेलांटी मागे आणि रफार पुढे आणावा लागतो. जोडाक्षर आलं की तिथे तो चुकतो. कन्व्हर्टर तपासायला मी ‘निर्मिती’, ‘वर्षांपूर्वी’ आणि ‘शेतकऱ्यांच्या’ हे तीन शब्द आधी घालतो. तिसऱ्या शब्दातला ‘ऱ्या’ मोडका आला तर तो कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे असं समजायचं.

दुसरी खोड जास्त त्रासाची. पत्रात मधेच इंग्रजी मजकूर असतो, म्हणजे पॅन नंबर, ईमेल, गाडीचा नंबर. मूळ फाइलमध्ये त्या तुकड्याला इंग्रजी फॉन्ट लावलेला असतो. पण मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरच्या चौकटीत टाकला की फॉन्टची माहिती गळते आणि पॅन नंबरचीही ‘मराठी’ होऊन बसते. खरेदीखतात असं झालं आणि नजरेतून सुटलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय गिऱ्हाइकाचं खरेदीखत कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटच्या चौकटीत चिकटवणं मुळातच बरं नाही. श्रीलिपीच्या नव्या आवृत्तीत रूपांतराची सोय असेल तर ती विंडोजच्या मशीनवरच वापरा.

माझा सल्ला असा: सगळ्या जुन्या फायली बदलायच्या भानगडीत पडू नका. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, हमीपत्र, रेशनकार्डाचा अर्ज, असे तुमचे रोजचे नमुने मोजके असतील. ते युनिकोडमध्ये हातानं नव्यानं टाइप करून घ्या. कन्व्हर्ट करून प्रत्येक ओळ तपासण्यापेक्षा ते लवकर होतं. बाकीच्या फायली जशा आहेत तशा विंडोजच्या मशीनवर राहू द्या, कोणी जुनी प्रत मागितली तर तिथूनच छापा.

कीबोर्डचं म्हणाल तर मिंटमध्ये आयबस हा कीबोर्ड बदलून देणारा प्रोग्राम आणि त्यासोबतचं एम-१७-एन हे पॅकेज घातलं की मराठीचे बरेच आराखडे मिळतात. इन्स्क्रिप्ट शिकलेल्याला काहीच बदलत नाही, के वर क आणि डी वर हलन्त तसाच राहतो. टायपिंगच्या परीक्षेला रेमिंग्टन शिकलेल्यांसाठी तोही आराखडा आहे, पण एखाद-दुसरं चिन्ह सवयीच्या जागेवर सापडत नाही. तुमचा ऑपरेटर रेमिंग्टनवाला असेल तर त्याला आधी एक अख्खं पान टाइप करायला बसवा, मगच ठरवा. आणखी एक बारीक गोष्ट: लिबरऑफिसच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांची भाषा मराठी निवडा. ती हिंदी राहिली तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, आणि छापून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं हे वेगळंच काहीतरी दिसतंय.

दुसरी गाठ प्रिंटरची. इथे सगळं मॉडेलवर अवलंबून आहे. एप्सनचे टाकीवाले एल मालिकेचे प्रिंटर साधारणपणे सरळ चालतात, स्कॅनरसकट. फक्त रंग विंडोजसारखेच येतील असं धरू नका, पासपोर्ट फोटोचं काम असेल तर आधी एक शीट काढून बघा. एचपीचा १०२० चालतो, पण त्याला दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आतला प्रोग्राम) भरवावं लागतं आणि त्यासाठी एचपीचं जादा प्लगइन इंटरनेटवरून उतरवावं लागतं. एकदा बसलं की एरवी बघावं लागत नाही. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत असतो तो कॅननचा एलबीपी २९०० मात्र अवघड जागेचं दुखणं आहे. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीनं बोलतो, लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुना आहे आणि बसवणं किचकट. जमवता येतं, पण गल्ल्यावर रांग असताना तो रुसला तर तुम्ही मला शिव्या द्याल. तो असेल तर त्याला विंडोजच्या मशीनलाच ठेवा. लिनक्सच्या मशीनवरून पीडीएफ करून दोघांत मिळून केलेल्या शेअर्ड फोल्डरात टाकायची आणि तिथून छापायची. जरा उठबस होते, पण काम अडत नाही.

विंडोजवर काय राहणार ते आता जवळजवळ ठरलंच. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्ससाठी नाहीत, म्हणून लग्नपत्रिका आणि फ्लेक्स विंडोजवरच. साधं हँडबिल लिनक्सवरच्या इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये होतं, पण फ्लेक्सवाला कोरलचीच फाइल मागणार असेल तर हट्ट करू नका. पेजमेकर अजून वापरत असाल, तर त्याची ७.० ही शेवटची मालिका २००१ ची आहे. ते काम पुढेमागे सोडायचंच आहे, पानं मांडायच्या स्क्रायबस या फुकट प्रोग्राममध्ये २०१७ पासून मराठी जोडाक्षरं नीट बसतात, फुरसतीत ते शिकून ठेवा. टॅली विंडोजसाठीच केलेलं आहे. ‘वाइन’ या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीतून चालवणारे आहेत, पण दुसऱ्याचे हिशेब मी त्या भरवशावर ठेवणार नाही. आयकर विभागाच्या एक्सेल युटिलिटीत मॅक्रो (फाइलच्या आतले छोटे प्रोग्राम) असतात, त्या लिबरऑफिसमध्ये चालतील असं धरून चालू नका. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतात, पण टोकन, सही करणारा प्रोग्राम आणि पोर्टल असे तिघे जुळावे लागतात. शेवटच्या तारखेला त्यातलं एक रुसलं तर ऐकायला कोणी नसतं, म्हणून तेही विंडोजवर. बोटाचा ठसा घेणारं यंत्र असेल तर तेसुद्धा.

मग लिनक्सवर दोन मशीनची काय गरज, असं वाटेल. गरज अशी की गर्दीचं काम तिथे होतं. फॉर्म, डाउनलोड, प्रिंट, साधं टायपिंग, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब हे सगळं त्या दोघांवर जाईल आणि विंडोजचं मशीन बाहेरच्या पेनड्राइव्हपासून दूर राहील. त्या तिसऱ्या मशीनचा कायमचा उपाय म्हणजे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा एक जुना बाजारातला डेस्कटॉप घेऊन त्यावर रीतसर विंडोज ११ टाकणं. तीनऐवजी एकच घ्यायचाय, तो तरी जमावा.

वर्डच्या फायलींबद्दल थोडं. लिबरऑफिस डॉक्स फाइल उघडतं, पण मूळ फाइल मंगल, कोकिळा किंवा निर्मला फॉन्टात असेल आणि ते फॉन्ट तुमच्याकडे नसतील तर ओळी सरकतात. एरवी चालून जातं, स्टँपपेपरवर चालत नाही. वरचा छापील भाग सोडून बरोबर जागेपासून मजकूर सुरू व्हायला हवा आणि सहीची ओळ त्याच पानावर यायला हवी. म्हणून लीगल आकाराचे नमुने लिबरऑफिसमध्येच तयार करून कोऱ्या कागदावर छापून, स्टँपपेपरवर ठेवून उजेडात धरून बघा. गिऱ्हाइकानं आणलेली फाइल दुरुस्त न करता छापायची असेल तर त्याच्याकडून पीडीएफच मागा. इंग्रजी बायोडाटासाठी कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट घाला. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या मापाचेच आहेत, ओळी हलत नाहीत.

एक विषयांतर करतो. म्युनिक शहराच्या महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो कॉम्प्युटर बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. तिकडे केरळच्या सरकारी शाळा काईट या सरकारी संस्थेनं उबुंटूवरून तयार केलेली प्रणाली वर्षानुवर्षं वापरतायत. म्युनिकमध्ये राजकारण होतंच, पण माझ्या मते मोठा फरक फाइल कोण ठरवतं याचा आहे. केरळात अभ्यासक्रम, पुस्तकं, मशीन सगळं एकाच हाताखाली. म्युनिकला बाहेरून येईल ते उघडून द्यावं लागत होतं. तुमच्या दुकानातही गिऱ्हाईक आणेल तीच फाइल. म्हणून तिसरं मशीन विंडोजवर ठेवायला सांगतोय, लिनक्सवर विश्वास नाही म्हणून नव्हे.

आता मिंट का, तर खाली डाव्या कोपऱ्यातला मेनू आणि पट्टी विंडोजसारखी असल्यानं ऑपरेटर बिचकत नाही, आणि सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबी रॅमवर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ८ जीबी केलीत तर सिनॅमन ही जरा जड आवृत्ती. तुमच्या गावात उबुंटू नीट जाणणारा कोणी ओळखीचा असेल तर खुशाल उबुंटू टाका, हाकेच्या अंतरावरचा माणूस महत्त्वाचा.

आणि दोन्ही मशीनना एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, बसवा. हा खर्च टाळू नका, जुन्या हार्डडिस्कवर लिनक्सही रडतच चालतं. एसएसडीचा दुसरा फायदा असा की जुनी डिस्क न पुसता तशीच काढून, नाव लिहून कपाटात ठेवता येते. काही बिनसलं तर केबल बदलली की जुनं विंडोज परत. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवण्याच्या मी विरोधात आहे. घाईत ऑपरेटर विंडोजच निवडतो आणि लिनक्स तसंच पडून राहतं. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते काढायच्या आधी बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या.

डिस्क उघडण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकून त्यावरूनच मशीन चालू करा. काहीही न बसवता प्रिंटर, स्कॅनर, वायफाय आणि मराठी कीबोर्ड तपासून होतो. पहिलं मशीन फॉर्म भरण्याचं घ्या, टायपिंगचं नंतर. महिनाभर ते सुरळीत चाललं आणि तुमचे नमुने युनिकोडमध्ये आले की मग दुसरं. जून-जुलैत प्रवेशाची आणि रिटर्नची झुंबड असते, तेव्हा यातलं काहीही सुरू करू नका. बसवून झालं की टाइमशिफ्ट चालू करा, अपडेटनं काही बिघडलं तर प्रणाली कालच्या स्थितीत नेता येते. गिऱ्हाइकांच्या फायलींची प्रत मात्र ते ठेवत नाही, ती वेगळ्या डिस्कवर तुम्हालाच घ्यावी लागेल. ऑपरेटरला साधं खातं द्या, मुख्य पासवर्ड तुमच्याकडे.

तुम्ही प्रिंटरचं मॉडेल आणि ऑपरेटर कोणत्या कीबोर्डवर टाइप करतो हे लिहिलेलं नाही. एवढं कळवा, म्हणजे दुसरं मशीन बदलायचं की आहे तसंच ठेवायचं ते नेमकं सांगता येईल.